टायपिंगवाल्या अक्का

अक्का बोलताना विरामचिन्हंसुद्धा बोलायच्या. "जेवलीस का, प्रश्नचिन्ह." "दार लोट स्वल्पविराम, धूळ येते पूर्णविराम." दुकानात पहिल्यांदा आलेलं गिऱ्हाईक गांगरायचं. एकदा एका वकिलाला त्यांनी सांगितलं, "साहेब स्वल्पविराम, तुमचा अर्ज झाला पूर्णविराम," तर तो बिचारा अर्जात काय चुकलं ते शोधत बसला. सगळ्यात लाडकं उद्गारचिन्ह. तो शब्द तर त्या म्हणायच्याच, वर आवाजही चढवायच्या. "आज काय ऊन शे, उद्गारचिन्ह!" जळगावात मे महिन्यात या वाक्यावर कुणाचंच दुमत नसतं, पण अक्कांच्या तोंडून ते ऐकलं की उन्हाचीसुद्धा मजा वाटायची.

ही सवय त्यांना माझ्यामुळे लागली. म्हणजे खरं तर माझ्या लॅपटॉपमुळे.

त्यांचं दुकान आमच्या कॉलेजच्या फाटकासमोर होतं. दोन संगणक, एक खोकणारा प्रिंटर आणि भिंतीला लावलेली बाकं. खरं नाव शेजारच्या झेरॉक्सवाल्यालाही ठाऊक नव्हतं, सगळ्यांच्या त्या टायपिंगवाल्या अक्का. अर्ज, प्रबंध, लग्नपत्रिका आणि निम्म्या कॉलेजच्या नोट्स त्यांच्याच हातून टाईप होत. माहेर पारोळ्याजवळच्या एका खेड्यातलं. एरवी शहरी मराठी बोलायच्या, पण राग आला किंवा आनंद झाला की सरळ माहेरच्या अहिराणीत शिरायच्या. त्यामुळे अहिराणी कानावर पडली की काहीतरी घडतंय हे न बघता कळायचं. मला तर सगळंच न बघता जाणून घ्यावं लागायचं.

आठवीत असताना माझ्या डोळ्यांच्या पडद्याला आजार झाला आणि दहावीपर्यंत उरलासुरला उजेडही गेला. आम्ही नशिराबादचे. वडील पोस्टात होते. त्यांनी कुणाकुणाला विचारून मला एका शिबिरात पाठवलं. तिथे मी स्क्रीन रीडर शिकले. पडद्यावर जे लिहिलेलं असतं ते संगणक मोठ्याने वाचून दाखवतो, एवढीच ती जादू. पण मला त्या दिवशी कुणी गुहेचं दार उघडून दिल्यासारखं वाटलं होतं. आता काय, कॉलेजात जायचं, पुस्तकं लॅपटॉपवर घ्यायची आणि ऐकायची. एवढं सोपं!

बी.ए.च्या पहिल्या वर्षी अर्थशास्त्राच्या सरांनी मोठ्या मायेने नोट्सची फाईल पेन ड्राईव्हवर दिली. घरी येऊन मी ती उघडली, हेडफोन लावला, आणि लॅपटॉप म्हणाला, "व्ही एफ के झेड, अवतरणचिन्ह, के के एल." मी पुढची ओळ लावली. पुन्हा तेच. चाळीस पानं अशीच. वडिलांना विचारलं तर ते म्हणाले, "अगं, छान मराठी आहे की. वर 'अर्थशास्त्र' लिहिलंय."

दुसऱ्या दिवशी मी पांढरी काठी आणि लॅपटॉप घेऊन अक्कांच्या दुकानात उभी राहिले आणि म्हणाले, "अक्का, तुमच्या फाईलमध्ये चुका आहेत."

हे वाक्य त्या दुकानात आजवर कुणी उच्चारलं नसावं. की-बोर्डांची खटखट थांबली.

"एक काना चुकीचा दाखव," अक्का म्हणाल्या. "एक!"

मी लॅपटॉपचा आवाज मोठा केला. "व्ही एफ के झेड, अवतरणचिन्ह," तो भर दुकानात ओरडला. बाकावरची दोन-तीन मुलं हसली. अक्का हसल्या नाहीत. त्यांची खुर्ची करकरली, त्या जवळ आल्या.

"हाई काय बोली ऱ्हायनं?"

मी मला कळलं होतं तेवढं सांगितलं. जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाईप केलं की आत इंग्रजीच अक्षरं साठतात, फक्त वरून त्यांना मराठी अक्षराचा मुखवटा चढवलेला असतो. डोळ्यांना मुखवटा दिसतो. लॅपटॉपला आतलं दिसतं, तो ते वाचतो. युनिकोडमध्ये टाईप केलं तर आतही मराठीच असतं.

अक्कांनी तीच ओळ मला पुन्हा लावायला सांगितली. मग एकदम हळू आवाजात म्हणाल्या, "म्हणजे वीस वर्षं मी मराठी टाईप केलंच नाही. नुसती चित्रं काढली."

मला वाटलं, या आता दुखावल्या, आता काही आपली फाईल मिळत नाही. तर त्यांनी माझा हात धरून मला बाकावर बसवलं, मुलांना म्हणाल्या, "उठा रे, उद्या या," आणि त्याच दुपारी त्या नव्या पद्धतीने अर्थशास्त्राचं पहिलं पान टाईप करायला बसल्या.

वीस वर्षांची बोटांची सवय मोडणं म्हणजे काय असतं ते मी त्या महिन्यात ऐकलं. जी बोटं पावसासारखी कोसळायची, ती लहान मुलासारखी एकेक पायरी उतरू लागली. मध्येच कपाळावर हात मारल्याचा आवाज. मध्येच "मरो तो रफार!" जुन्या फायली नव्यात बदलून देणारी एक सोय त्यांनी शोधून काढली, पण ती 'विद्यार्थी'चा 'वद्यिार्थी' करून ठेवायची. मग अक्कांनी तपासायची स्वतःची रीत काढली. माझ्यासारखाच स्क्रीन रीडर त्यांनी आपल्या संगणकावर टाकला आणि डोळे मिटून सगळी फाईल ऐकू लागल्या. "डोळे लबाड असतात," त्या म्हणायच्या. "चुकलेलं बरोबर करूनच वाचतात. कान तसं करत नाहीत." संगणक प्रत्येक स्वल्पविराम, प्रत्येक पूर्णविराम उच्चारून दाखवायचा आणि दिवसाचे चार-चार तास ते ऐकून अक्कांच्या जिभेवर विरामचिन्हं येऊन बसली, ती कायमची.

पहिलं संपूर्ण पुस्तक तयार झालं त्या दिवशी मी ते दुकानातच ऐकायला सुरुवात केली. प्रकरण एक, प्रस्तावना. लॅपटॉप शुद्ध मराठीत बोलत होता, मला हवं तिथे थांबत होता, पुन्हा मागे जात होता. शाळेत असताना कुणी वाचून दाखवलं तर एकदाच ऐकायला मिळायचं. 'परत वाच' म्हणायची मला लाज वाटायची. आता मी एकच परिच्छेद पाच वेळा ऐकला, केवळ ऐकता येतो म्हणून. अक्का शेजारी उभ्या राहून माझ्या चेहऱ्याकडे बघत असणार. कारण त्या एकदम म्हणाल्या, "आत्ता तू वाचतेस, उद्गारचिन्ह!"

मग आकृत्यांचं संकट आलं. अर्थशास्त्र म्हणजे पानापानावर वक्र. सर म्हणाले, "आकृत्यांचे मार्क सोडून दे, बाकीच्यात निघशील." सर वाईट नव्हते, त्यांना खरंच दुसरा मार्ग माहीत नव्हता. मी ते येऊन अक्कांना सांगितलं. त्यांच्या सासरच्या रावेरकडच्या केळीच्या बागा. त्या म्हणाल्या, "घड उतरवला तर पूर्ण उतरवतात. दोन फण्या झाडाला ठेवून कुणी येतं का?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून करंज्या कापायचं कातण आणलं. माउसच्या रबरी गादीवर जाड कागद ठेवला आणि कातणाचं दातेरी चाक दाबून फिरवलं. कागद उलटा केला की दुसऱ्या बाजूला रेघ उठून यायची, बोटाला लागेल अशी. मी त्या रेघेवरून बोट फिरवलं आणि मला ओरडावंसं वाटलं. मागणीचा वक्र! ज्याच्याबद्दल मी तीन महिने नुसतं ऐकत होते, तो माझ्या बोटाखाली होता.

पण त्या वक्राने आम्हाला चांगलंच फसवलं. नियम म्हणतो, किंमत वाढली की मागणी घटते. माझं बोट म्हणत होतं, किंमत वाढली की मागणीही वाढते. मी दहा वेळा फिरवून बघितलं. अक्कांना विचारलं. त्यांनी पुस्तक बघून हुबेहूब काढली होती. आम्ही दोघींनी खूप विचार केला आणि या निष्कर्षाला आलो की पुस्तकच चुकलं आहे. दुसऱ्या दिवशी वर्गात मी उभी राहिले. "सर, पुस्तकातली आकृती चुकीची आहे." सरांनी माझा कागद मागून घेतला, जरा वेळ बघितला, आणि मग इतके हसले की त्यांना खुर्चीवर बसावं लागलं. "अगं, मागून दाबलं म्हणजे पुढे डावं-उजवं उलटं नाही का येणार!"

हे मी दुकानात जाऊन सांगितलं तेव्हा अक्का आधी "अरे देवा" म्हणाल्या, मग हसायला लागल्या, मग मीही. शेजारचा झेरॉक्सवाला काय झालं म्हणून धावत आला. त्यानंतर त्या आधी आरशासारखी उलटी आकृती छापून घ्यायच्या आणि तिच्यावरून कातण फिरवायच्या. सरांनाही मग चेव आला. ते स्वतः येऊन बाकावर बसू लागले, कोणती रेघ जाड, कोणती तुटक, हे सांगू लागले. दिवाळीत अक्कांच्या घरी करंज्या हाताने मुरड घालून झाल्या, कारण कातण दुकानात होतं.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. यावलकडची एक मुलगी यायला लागली. तिच्या हातांत जोर नव्हता, पुस्तक धरून पान उलटणं तिला जमत नसे. अक्कांच्या फायली ती मोबाईलवर एका बोटाने सरकवत वाचायची. चोपड्याच्या एका मुलीला ऐकू येत नव्हतं. तिच्यासाठी अक्का सरांचं रेकॉर्ड केलेलं व्याख्यान ऐकून शब्द न् शब्द टाईप करायच्या, सरांच्या विनोदांसकट. "सगळा वर्ग हसतो तेव्हा हिलाही कळायला नको, कशाला हसले ते?" असं त्यांचं म्हणणं. एका बाकावर आम्ही तिघी बसायचो. तिघींना तेच पुस्तक, तीन वाटांनी पोचलेलं.

तिसऱ्या वर्षी मी हट्ट धरला की परीक्षा स्वतः लिहीन. तोवर लेखनिक मिळायची. मी सांगायचं, तिने लिहायचं. दुसऱ्या वर्षी माझ्या लेखनिक मुलीने 'सीमान्त उपयोगिता' सगळीकडे 'श्रीमंत उपयोगिता' लिहिली होती. तिचा काय दोष, तिने तो शब्द कधी ऐकलाच नव्हता. पण मार्क माझे गेले. मला माझं उत्तर माझ्या बोटांनी लिहायचं होतं. आमच्या कॉलेजच्या केंद्रावर असं कुणी केलेलं नव्हतं. अर्जावर अर्ज झाले, सगळे अक्कांनी टाईप केले, दर खेपेला आधीच्यापेक्षा जरा कडक भाषेत. परीक्षेच्या चार दिवस आधी परवानगीचं पत्र आलं. संगणक केंद्राचा, प्रश्नपत्रिका पेन ड्राईव्हवर.

पहिल्या पेपरला मी वेगळ्या खोलीत बसले. घंटा झाली. पर्यवेक्षिका बाईंनी पेन ड्राईव्ह लावला, मी हेडफोन चढवला आणि फाईल उघडली.

"व्ही एफ के झेड," संगणक म्हणाला.

मी पुढची ओळ लावली, पुन्हा तेच. कुठेतरी, कुणीतरी, नेहमीच्या सवयीने जुन्या फॉन्टमध्ये पेपर टाईप केला होता. केंद्रप्रमुख आले. करड्या आवाजाचे गृहस्थ. "मग लेखनिक बोलावू या," ते म्हणाले. "नियमात तेच बसतं." मी म्हणाले, "सर, बाहेर फाटकाशी टायपिंगवाल्या अक्का उभ्या असतील. त्यांना बोलवा." त्या असतील की नाही हे मला सांगितलेलं नव्हतं. पण मला खात्री होती.

त्या होत्याच. सकाळपासून दुकान बंद ठेवून.

"बाहेरच्या माणसाच्या हातात पेपर कसा देऊ?" केंद्रप्रमुख म्हणाले.

"नका देऊ," अक्का म्हणाल्या. "मला हिच्यासोबत या खोलीत कोंडा. बाईंसमोर टाईप करते. पेपर संपेपर्यंत मला बाहेर सोडू नका, फोन काढून घ्या. एक शब्द बोलले तर दोघींना उठवा."

ते फोन करायला बाहेर गेले. पाच मिनिटं असतील, मला पाच तास वाटली. परत आले आणि म्हणाले, "जेवढा वेळ टायपिंगला जाईल तेवढा हिला वाढवून मिळेल. बसा."

मग अक्कांची बोटं सुरू झाली. नव्या की-बोर्डावर, पण जुन्या वेगाने. पाऊस! मी त्या आवाजाकडे कान लावून बसले होते आणि माझी भीती त्यात वाहून चालली होती. आकृतीचा प्रश्न आला तेव्हा टकटक थांबली. त्यांनी बाईंना खुणेनेच विचारलं असावं, कारण बाई म्हणाल्या, "हो, काढा." कातण नव्हतं, गादी नव्हती. अक्कांनी पदराची घडी टेबलावर ठेवली, तिच्यावर कागद, आणि बॉलपेन दाबून रेघा उठवल्या. कागद माझ्या हाताखाली सरकवला. डावं-उजवं बरोबर होतं.

मी लिहिलं. पूर्ण वेळ, आणि जादा मिळालेला वेळही. प्रत्येक ओळ लिहून ऐकायची, खोडायची, सुधारायची. आपलं वाक्य आपणच खोडण्यात काय सुख असतं ते डोळस माणसांना कधी कळायचं नाही. 'सीमान्त' मी नऊ वेळा लिहिलं आणि नऊच्या नऊ वेळा ते सीमान्तच राहिलं. मागे, भिंतीजवळच्या खुर्चीवर, अक्का होत्या. दिवसभर बोलणारी ही बाई चार तास एका शब्दाशिवाय बसली. खोकलासुद्धा त्यांनी पदरात दाबला.

शेवटची घंटा झाली, दार उघडलं. मला वाटलं त्या विचारतील, कसा गेला पेपर. पण व्हरांड्यात पाय ठेवताच त्यांनी माझा दंड गच्च धरला. "तिसऱ्या प्रश्नाचं काय लिहिलंस? पूर्ण स्पर्धेचं? चार मुद्दे लिहिलेस ना? मला चारही येत होते! आणि पाचवासुद्धा! बठ्ठा पेपर मले येत व्हता, सगळा!"

मी थांबले. "अक्का, मग तुम्हीच का नाही बसत परीक्षेला?"

"येडी शे का तू? बारावी झाली आणि हळद लागली. आता या वयात?"

"तीन वर्षांची सगळी पुस्तकं तुमच्या हातून गेली, कानांतून गेली. आता राहिलं काय?"

"कॉलेजसमोर दुकान आहे माझं," त्या म्हणाल्या. "फाटक ओलांडून आत आज पहिल्यांदा आले."

मी पास झाले, पुढे एम.ए. झाले, आणि धुळ्याच्या एका कॉलेजात शिकवायला लागले. जळगाव सोडायच्या दिवशी अक्का बसस्टँडवर आल्या होत्या. पिशवीत शेव, कळण्याची भाकरी, ठेचा, आणि एका डबीत आजवरची सगळी पुस्तकं भरलेली हार्ड डिस्क. "ही तुझ्यासाठी नाही," त्यांनी बजावलं. "तुझं वाचून झालं. तिथे कुणी असेल तिच्यासाठी." बस पारोळ्यावरून गेली तेव्हा मला उगाचच वाटलं की अक्कांचं माहेर मला दिसतंय.

धुळ्यात खरंच 'कुणी' होते. एक नाही, सहा निघाले. साक्रीकडची एक मुलगी तर अकरावीचं अख्खं वर्ष मागच्या बाकावर बसून होती, आणि तिला फळ्यावरचं काही दिसत नाही हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. तिला मोठ्या टायपातली पुस्तकं छापून दिली तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, मला वाटायचं मी ढ आहे." आता आमच्या ग्रंथालयात एक कोपरा आहे, दोन संगणक आणि एक कातण. सत्राच्या आधी सगळ्या प्राध्यापकांकडून मी फायली मागून घेते, आणि जुन्या फॉन्टची फाईल आली तर मोठ्या आवाजात लावून त्यांनाच ऐकवते. दुसऱ्यांदा कुणी देत नाही.

आणि अक्कांनी फॉर्म भरला. मला न सांगता, बाहेरून परीक्षा देण्याचा, बी.ए. अर्थशास्त्र. पहिल्या वर्षाचं हॉल तिकीट आलं तेव्हा फोन करून म्हणाल्या, "कुणाला सांगू नको. झेरॉक्सवाल्याला तर मुळीच नको." दर रविवारी फोन यायचा. वाचलेलं सगळं पाठ, पण हाताने लिहायची सवय पार गेलेली. "टायपिंग नको म्हणतात," त्या तक्रार करायच्या. "अक्षर कसं काढायचं तेच विसरले मी." मी त्यांना रोज दोन पानं लिहायला लावलं. त्या शिव्या देत लिहायच्या.

अंतिम वर्षाचा निकाल लागला तेव्हा मी कॉलेजात होते. तास संपवून बाहेर आले तर फोन वाजला.

"निकाल लागला म्हणे. माझा नंबर घे."

"अक्का, समोर संगणक आहे ना तुमच्या?"

"शे. पण मना हात चालत नहीत. तू वाच."

मी ग्रंथालयातल्या कोपऱ्यात जाऊन लॅपटॉप उघडला, नंबर टाकला. एका कानाला हेडफोन, दुसऱ्या कानाला अक्कांचा श्वास. पान उघडलं. मी एकेक विषय सांगत गेले. मराठी, चौसष्ट. इतिहास, एकोणसाठ. मग अर्थशास्त्राचे पेपर आले. बहात्तर. अडुसष्ट. एक्क्याऐंशी. साक्रीची ती मुलगी समोर बसली होती, तिच्या पानांची सळसळ थांबली. शेवटी संगणक म्हणाला आणि मी म्हणाले, "उत्तीर्ण. प्रथम श्रेणी."

पलीकडे खुर्ची करकरली.

"अक्का? ऐकताय ना?"

"परत वाच," त्या म्हणाल्या. आवाज इतका बारीक की मला हेडफोन काढावा लागला.

"अर्थशास्त्र?"

"नाही. सगळं. माझ्या नावापासून."

मी पान पुन्हा वर नेलं आणि त्यांच्या नावापासून वाचायला सुरुवात केली.